तळटीप : बिशप ट्रेसी आणि टेंडरवरचा सिंह

एरिक ट्रेसी हे वेकफील्डचे बिशप होते. पण इंग्लंडातले रेल्वेवेडे त्यांना ओळखतात ते वाफेच्या इंजिनांच्या छायाचित्रांमुळे. १३ मे १९७८ रोजी ॲपलबी स्थानकावर ‘ईव्हनिंग स्टार’ इंजिनाची वाट पाहतानाच त्यांचे निधन झाले.

वाफेच्या इंजिनांच्या अशा जुन्या फोटोवर तारीख नसली, तर जाणकार आधी इंजिनाचा नंबर बघतात. ‘मॅलार्ड’चेच घ्या : १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम केला तेव्हा ४४६८, १९४६ मध्ये नुसता २२, राष्ट्रीयीकरणानंतर ६००२२. नंबर धुरात हरवलाच, तर टेंडरवरचा, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचा, ब्रिटिश रेल्वेच्या बोधचिन्हातला सिंह शोधायचा. चाकावर स्वार झालेला सिंह साधारण १९५६ पर्यंतचा, मुकुटातून वर आलेला त्यानंतरचा. पण रंगकाम लांबलेली इंजिने जुनाच सिंह मिरवत धावत राहिली, त्यामुळे वाद रंगतातच.