अनुभव नेमका कुणाला विचारला जातो? ओबामा, २००८ आणि लायकीची मोजपट्टी

१० फेब्रुवारी २००७ रोजी बराक ओबामा यांनी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जुन्या विधानभवनासमोर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. देशाच्या सिनेटमध्ये येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याआधी सुमारे आठ वर्षे ते राज्याच्या सिनेटमध्ये होते. त्या दिवसापासून एकच प्रश्न त्यांच्या मागे लागला : हा माणूस या पदासाठी तयार आहे का?

हा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हाती अण्वस्त्रे आणि सैन्य द्यायचे, त्याची पारख मतदाराने केलीच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही मोजपट्टी सगळ्यांना सारखी लावली जाते का? आणि अनुभव मिळवण्याच्या वाटा सगळ्यांना सारख्या खुल्या होत्या का?

आधी अनुभवाचीच गोष्ट घेऊ. १८५७ साली राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स ब्युकॅनन हे प्रतिनिधीगृहाचे सदस्य, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमधील राजदूत असे सगळे काही होऊन आले होते. कागदावर त्यांच्याइतका तयार माणूस शोधून सापडला नसता. पण कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, असे सांगणाऱ्या ड्रेड स्कॉट निकालाची त्यांनी पाठराखण केली. त्यांच्याच कारकिर्दीत सात गुलामधारी राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. अमेरिकी इतिहासकार त्यांना सर्वांत अपयशी राष्ट्राध्यक्षांत गणतात. त्यांच्यानंतर आलेले अब्राहम लिंकन मात्र प्रतिनिधीगृहात फक्त एक मुदत, म्हणजे दोन वर्षे बसलेले आणि १८५८ ची सिनेटची लढत हरलेले. अनुभवाची वर्षे मोजून माणसाची दिशा कळत नाही, एवढे तरी यातून दिसते.

आता वाटांचे पाहू. राष्ट्राध्यक्षपदाकडे जाण्याची नेहमीची पायरी म्हणजे सिनेट किंवा राज्याचे गव्हर्नरपद. यादवी युद्धानंतर मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स आणि ब्लँच ब्रूस हे दोन कृष्णवर्णीय सिनेटर झाले. ब्रूस यांची मुदत १८८१ साली संपली. त्यानंतरचे एडवर्ड ब्रुक सिनेटमध्ये आले ते १९६७ साली. मध्ये ८६ वर्षे एकही कृष्णवर्णीय सिनेटर नाही! मग १९९३ साली कॅरोल मोझली ब्रॉन आणि २००५ साली ओबामा. म्हणजे देशाच्या सगळ्या इतिहासात ओबामा पाचवे. आधी शिडी काढून घ्यायची आणि मग विचारायचे, तू वर का चढला नाहीस? ही चलाखी आपल्या ओळखीची आहे.

जनमताच्या चाचण्याही नीट वाचायला हव्यात. 'तुमच्या पक्षाने सर्वसाधारणपणे लायक अशी कृष्णवर्णीय व्यक्ती उभी केली तर मत द्याल का', अशा अर्थाचा प्रश्न गॅलप ही संस्था अनेक दशके विचारत आली. १९५८ साली होकार देणारे ४० टक्क्यांहून कमी होते; २००७ साली ते ९० टक्क्यांच्या पुढे गेले. बदल खरा आहे, तो नाकारू नये. पण प्रश्नातला 'लायक' हा शब्द पाहा. काळा माणूस नको, असे उघड म्हणण्याची सोय संपली, तरी 'हा अजून लायक नाही' असे म्हणायची सोय शिल्लक राहते. प्रत्येक शंकेखोर वंशद्वेषी होता असे नाही. पण वंशद्वेषाला लपायला ही जागा सोयीची होती.

वाट कोणी मोकळी केली? १९७२ साली शर्ली चिझम आणि १९८४ व १९८८ साली जेसी जॅक्सन डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभे राहिले. जॅक्सन यांनी तोवर एकही निवडून आलेले पद भूषवले नव्हते, म्हणून त्यांनाही हेच ऐकावे लागले. ते हरले. पण १९८८ साली सुमारे ७० लाख मते मिळवून त्यांनी पक्षाला नियम बदलायला लावले : जिंकणाऱ्याला सगळे प्रतिनिधी न देता मतांच्या प्रमाणात वाटप. वीस वर्षांनी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्धच्या अटीतटीच्या लढतीत ओबामांना हाच नियम कामी आला. हरलेल्या लढाईतूनही पुढच्यासाठी काय मागून घ्यायचे, ते इथे शिकावे.

२००७ साली अनेक कृष्णवर्णीय मतदारही ओबामांबद्दल साशंक होते. गोरे लोक याला मत देतील का, मग आपले मत वाया का घालवायचे? ३ जानेवारी २००८ रोजी गोऱ्यांचे प्रचंड बहुमत असलेल्या आयोवात ओबामा जिंकले आणि ही शंका विरली. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांची बहुतांश मते त्यांना पडली. लायकीबद्दलची शंका कधी कधी आपल्याच घरात वस्तीला असते.

पुढे ओबामांनी १९७३ पासून सिनेटमध्ये असलेले जो बायडन यांना जोडीला घेतले. अनुभवाचा मुद्दा लावून धरणाऱ्या मॅकेन यांनी मात्र गव्हर्नर होऊन दोन वर्षेही न झालेल्या सारा पेलिन यांना निवडले. मतदानोत्तर पाहणीत अनुभव सर्वांत महत्त्वाचा म्हणणारे मतदार सुमारे २० टक्के होते, तर बदल हवा म्हणणारे ३४ टक्के. अर्थव्यवस्था कोसळत असताना लोकांनी आपली कसोटी स्वतः ठरवली. ओबामा ३६५ विरुद्ध १७३ निर्वाचक मतांनी जिंकले.

मग प्रश्न संपला का? नाही, त्याने फक्त वेश बदलला. दोन वर्षे कारभार केल्यावरही एप्रिल २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षाला आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला. त्या मोहिमेत आघाडीवर होते डोनाल्ड ट्रम्प. २०१६ साली तेच राष्ट्राध्यक्ष झाले : ना कधी सरकारी पद, ना सैन्यातली सेवा. असे त्या देशात पहिल्यांदाच घडले. सुमारे ६० टक्के मतदारांनी पाहणीत त्यांना अपात्र म्हटले, तरीही ते निवडून आले. मोजपट्टी किती लवचीक असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ओबामांना डोक्यावर घेऊन नाचा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याच काळात ड्रोन हल्ले वाढले आणि २०१४ साली फर्ग्युसन पेटले. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगून ठेवला आहे. पण १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागणारेही बाबासाहेबच होते. अशिक्षित माणूस मताला लायक नाही, असे मानणाऱ्या काळात त्यांनी ती मागणी केली. आधी लायकी मग हक्क, हा क्रम त्यांनी उलटवला.

म्हणून राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या सरपंच ताईंना कुणी म्हणाले, 'यांना काय कळतंय?', तर शांतपणे विचारा : आधीच्या अनुभवी माणसाने वस्तीत पाणी किती वर्षांत आणले? हिशेब दोघांचाही मागा, आणि एकाच पट्टीने मागा.

जय भीम!