दोन लाख लोकांना विचारलं, तरी कोका-कोला फसली: बिझनेस रिसर्च म्हणजे काय आणि तो कसा करतात?

२३ एप्रिल १९८५. अमेरिकेत कोका-कोला कंपनीने जाहीर केलं की ९९ वर्षं जुन्या कोकची चव आता बदलणार. जुना कोक बंद आणि त्याच्या जागी नवा, जरा जास्त गोड कोक.

हा निर्णय घाईघाईत घेतलेला नव्हता. त्याआधी जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन झाली होती. ब्रँडचं नाव झाकून केलेल्या या चाचण्यांमध्ये नवी चव जुन्या कोकला आणि पेप्सीलाही मागे टाकत होती.

पण बाजारात आल्यावर लोक भडकले. कंपनीच्या हेल्पलाईनवर एरवी दिवसाला चारशेच्या आसपास फोन यायचे, जूनपर्यंत ते दीड हजारांवर गेले. शेवटी ७९ दिवसांनी, ११ जुलै १९८५ ला, जुनी चव ‘कोका-कोला क्लासिक’ या नावाने परत आणावी लागली.

मग चुकलं कुठे? आकडे खोटे नव्हते, चाचण्याही खोट्या नव्हत्या. चुकला होता तो प्रश्न. बिझनेस रिसर्च समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते.

बिझनेस रिसर्च म्हणजे नेमकं काय?

धंद्यातला एखादा निर्णय घेण्याआधी त्यासाठी लागणारी माहिती पद्धतशीरपणे गोळा करणं, ती तपासणं आणि तिचा अर्थ लावणं म्हणजे बिझनेस रिसर्च. मराठी पुस्तकांत याला ‘व्यवसाय संशोधन’ म्हणतात.

बरेच जण याला मार्केट रिसर्च समजतात, पण मार्केट रिसर्च हा त्याचा फक्त एक भाग आहे. कामगार नोकरी का सोडतात, गोदामात माल का पडून राहतो, उधारी वेळेवर का येत नाही, हेही बिझनेस रिसर्चचेच प्रश्न आहेत.

यात ‘पद्धतशीर’ हा शब्द महत्त्वाचा. चार मित्रांना विचारून अंदाज बांधला तर तो अंदाजच राहतो. माहिती कोणाकडून घेतली, कशी घेतली, किती घेतली हे नोंदवलेलं असेल आणि दुसऱ्या कोणाला ते तपासता येत असेल, तरच त्याला रिसर्च म्हणतात.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणं

पेप्सीने १९७५ पासून ‘पेप्सी चॅलेंज’ सुरू केलं होतं. नाव न सांगता दोन ग्लास द्यायचे आणि कोणता आवडला ते विचारायचं. अनेक जण पेप्सी निवडत होते. कोकचा बाजारातला वाटा घसरत होता. कंपनीने या दोन गोष्टी जोडल्या आणि ठरवलं की आपली अडचण चवीची आहे.

वाटा घसरणं हे लक्षण होतं. त्यामागचं कारण चवच आहे, हे कंपनीने गृहीत धरलं. चव घेणाऱ्यांना विचारलं गेलं, ‘यातलं काय जास्त आवडलं?’ पण जुना कोक कायमचा बंद होणार आहे, ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नव्हती. शिवाय एका घोटात गोड पेय आवडणं वेगळं आणि रोज पूर्ण बाटली पिणं वेगळं.

म्हणून रिसर्चमध्ये आधी समस्या नीट मांडतात, मग गृहीतक तयार करतात. गृहीतक म्हणजे तपासता येईल आणि खोटंही ठरू शकेल असं विधान.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोणीतरी बँकेतली एफडी मोडून पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मेस सुरू करणार आहे. ‘मेस चालेल’ हे गृहीतक नाही, ती इच्छा आहे. ‘खाड्याचे पैसे परत मिळाले तर मुलं जास्त महिने त्याच मेसमध्ये टिकतात’ हे गृहीतक आहे. यात खाड्याचा नियम हा ‘स्वतंत्र चल’, म्हणजे आपण बदलू शकतो अशी गोष्ट. मुलं किती महिने टिकतात हा ‘अवलंबी चल’, म्हणजे त्यामुळे बदलणारी गोष्ट.

रिसर्चचे तीन प्रकार

१. शोधात्मक: अडचण काय आहे हेच माहीत नसतं, तेव्हा. मेस सुरू करणारा आधी दहा-बारा मुलांशी निवांत बोलतो. मेस का बदलली, कशाचा कंटाळा आला, हे ऐकतो.

२. वर्णनात्मक: किती, कोण, कधी याची उत्तरं. या भागातली मुलं जेवणावर महिन्याला किती खर्च करतात? रविवारी संध्याकाळी किती जण बाहेर खातात?

३. कारणात्मक: एका गोष्टीमुळे दुसरी घडते का, हे पाहणं. खाड्याचा नियम बदलल्यामुळेच मुलं टिकली का?

माहिती कुठून आणायची?

दुसऱ्या कोणी आधीच गोळा केलेली माहिती म्हणजे दुय्यम माहिती. आपण स्वतः गोळा केलेली ती प्राथमिक माहिती. साधा नियम असा की आधी दुय्यम पाहायची, कारण ती बहुतेक वेळा फुकट असते.

केंद्र सरकारच्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणाचंच घ्या. २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार देशात दरमहा दरडोई सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. राज्याच्या अर्थसंकल्पाआधी येणारा ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ हा अहवालही कोणालाही वाचता येतो.

पण अशी माहिती दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेली असते. देशाची सरासरी सदाशिव पेठेतल्या मुलांना लागू होईलच असं नाही. तिथे प्राथमिक माहिती लागते. मुलाखती, चर्चागट, प्रश्नावली, निरीक्षण आणि प्रयोग हे तिचे नेहमीचे मार्ग.

यात निरीक्षण सगळ्यात स्वस्त. दुपारी साडेबारा ते अडीच एखाद्या मेससमोर थांबून किती जण आत गेले, किती जण रांग पाहून परत फिरले हे मोजायला फक्त वही-पेन लागतं.

बोलायचं की मोजायचं?

लोकांशी बोलून ‘का’ शोधणं म्हणजे गुणात्मक पद्धत. आकड्यांनी ‘किती’ शोधणं म्हणजे संख्यात्मक पद्धत.

कोका-कोलाने दोन्ही केलं होतं. चर्चागटांत काही जण कोक बदलण्याच्या कल्पनेनेच चिडले होते आणि त्यांचा राग पाहून बाकीच्यांचंही मत बदलत होतं. पण सर्व्हेचे आकडे चांगले होते, त्यामुळे कंपनीने आकड्यांना जास्त वजन दिलं. पुढे बाजारात नेमकं तेच घडलं. आधी थोडे लोक चिडले, मग त्यांचं पाहून इतरही.

दोन पद्धतींची उत्तरं जुळत नसतील, तर सोयीचं उत्तर उचलायचं नसतं. का जुळत नाहीत, ते शोधायचं असतं.

जास्त लोकांना विचारलं म्हणजे उत्तर बरोबर?

नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण निवडणुकीतलं आहे, पण धडा धंद्यालाही तोच लागू होतो.

१९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्ष निवडणुकीआधी जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला की आल्फ्रेड लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकतील असं सांगितलं होतं.

कारण काय? साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी असणारी माणसं तुलनेने बऱ्या परिस्थितीतली होती. त्यातही उत्तर पाठवायची तसदी ज्यांनी घेतली, तेवढेच मोजले गेले.

आपल्याला ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचंय तो सगळा समूह म्हणजे समष्टी. त्यातून निवडलेले थोडे लोक म्हणजे नमुना. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी असेल, तर तो रॅन्डम नमुना. तसा नमुना असेल तर ४०० जणांच्या उत्तरांत साधारण ५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. १,६०० जणांना विचारलं तर हा फरक अडीच टक्क्यांवर येतो. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. नमुनाच एकांगी असेल, तर मात्र आकडा लाखांत नेऊनही उपयोग नसतो.

आता इन्स्टाग्राम स्टोरीवरचा पोल आठवा. ‘घरगुती डबा सुरू करतोय, घ्याल का?’ नव्वद टक्के ‘हो’. पण उत्तर देणारे कोण? ओळखीचे, नातेवाईक, फॉलोअर्स. त्यातले किती जण सदाशिव पेठेत राहतात? शिवाय ‘हो’ दाबायला पैसे लागत नाहीत.

मोजमाप चुकलं तर?

इथे दोन शब्द येतात, विश्वसनीयता आणि वैधता. वजनकाटा दर वेळी २०० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, कारण उत्तर बदलत नाही. पण वैध नाही, कारण उत्तर खरं नाही. कोकच्या चाचण्यांचंही तेच झालं. निकाल पुन्हा पुन्हा तोच येत होता, पण मोजली जात होती एका घोटाची पसंती, जुन्या कोकबद्दलची ओढ नाही.

मोजमापाच्या चुकीवर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात महत्त्वाचं काम केलं. पिकाचं उत्पादन मोजायला शेतातला छोटा तुकडा कापून वजन करतात. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा असेल तर उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेची रोपं आत धरली जातात. म्हणजे शेत बरोबर निवडलं तरी मोजण्याची रीत उत्तर फुगवू शकते.

प्रश्नावलीतही असंच होतं. ‘स्वच्छ आणि स्वस्त जेवण आवडेल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणेल? शिवाय यात दोन प्रश्न एकत्र आहेत. त्यापेक्षा ‘मागच्या महिन्यात जेवणावर किती खर्च झाला?’, ‘शेवटची मेस कधी आणि का सोडली?’ हे विचारावं. पुढे काय करणार यापेक्षा मागे काय केलं, याचं उत्तर जास्त भरवशाचं असतं.

सोबत घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं?

जूनमध्ये जाहिरात दिली आणि गिऱ्हाईक वाढलं. जाहिरातीमुळे वाढलं असं म्हणता येईल का? त्याच वेळी नवीन बॅचची मुलं शहरात आली असतील तर?

दोन गोष्टी सोबत घडणं म्हणजे सहसंबंध. एकीमुळे दुसरी घडणं म्हणजे कार्यकारणभाव. तो तपासायला प्रयोग करतात. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करायचे, एका गटाला खाड्याचा नवा नियम, दुसऱ्याला जुना, बाकी सगळं तेच. मग दोन्ही गट किती टिकले ते पाहायचं. ॲप आणि वेबसाइटवाले ‘ए-बी टेस्टिंग’ म्हणतात ते हेच.

छोट्या धंद्याला हे परवडतं का?

परवडतं, कारण यातलं बरंचसं काम पैशांचं नाही, शिस्तीचं आहे. मेसच्या उदाहरणात क्रम असा राहील:

- निर्णय एका वाक्यात लिहायचा: अमुक पैसे या जागेत घालायचे की नाही?
- उपलब्ध माहिती वाचायची: भाडं, आसपासच्या मेसचे दर.
- दहा-बारा मुलांशी मोकळेपणाने बोलायचं.
- त्यातून सुचलेले प्रश्न घेऊन वेगवेगळ्या अभ्यासिका आणि हॉस्टेलांतल्या मुलांना विचारायचं, फक्त ओळखीच्यांना नाही.
- महिनाभर पंधरा-वीस डबे विकून पाहायचे. पैसे देऊन घेतलेला डबा हे पोलमधल्या ‘हो’पेक्षा पक्कं उत्तर आहे.

माहिती घेताना ती कशासाठी हवी आहे ते सांगणं, संमती घेणं आणि नंबर दुसऱ्या कोणाला न देणं हाही रिसर्चचाच भाग आहे.

एक काम मात्र सगळ्यात आधी करायला हवं. कोणतं उत्तर आलं तर धंदा सुरू करायचा नाही, हे कागदावर लिहून ठेवायचं. तसं एकही उत्तर लिहिता येत नसेल, तर निर्णय आधीच झालेला आहे आणि पुढचा सर्व्हे फक्त मनाच्या समाधानासाठी आहे.