घरासमोरील उतार, परवानगी : औंध

दारातली गाडी रस्त्यावर नीट उतरावी म्हणून जोत्यापासून रस्त्यापर्यंत केलेला सिमेंटचा किंवा फरशीचा उतार. इंग्लंडात त्यासाठी पदपथाची कड खाली बसवतात. 1980 च्या तिथल्या महामार्ग कायद्याच्या कलम 184 प्रमाणे हे काम रस्त्याचे प्राधिकरण ठरवते आणि खर्च घरमालक सोसतो. सातारा जिल्ह्यातील औंधसारख्या (ता. खटाव) गावठाणात प्रश्न वेगळा आहे. गल्लीत घर आणि रस्ता यांच्यामध्ये बहुधा पदपथ नसतो, गटार असते. त्यामुळे इथली परवानगी नावाला गाडीची, खरी पाण्याची असते. इथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चे कलम 53 लागू पडते. सार्वजनिक रस्त्यावर किंवा त्यातील उघड्या गटारावर ओटा, जोते, पायरी असे काही उभारण्यास ते मनाई करते आणि ते काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीला देते. उताराचा वेगळा उल्लेख तिथे नसला, तरी गटारावर ओतलेला उतार पायरीहून निराळा ठरत नाही.

‘माझ्या दारापुढची जागा माझीच’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. रस्त्याला लागून घर असणाऱ्याला रस्त्यावर ये-जा करण्याचा हक्क असतो. रस्त्यात बांधकाम करण्याचा नसतो. दुसरा आक्षेप असा की, चार पाट्या सिमेंटच्या कामाला सरकारी कागद कशाला? पण हा निर्णय दूरच्या कचेरीचा नसून गावातल्याच ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा आहे. औंध संस्थानाने 21 जानेवारी 1939 रोजी राज्यघटना जाहीर करून कारभार गावपंचायतींवर उभा केला, तो अशीच कामे गावाने स्वतः निस्तरावीत म्हणून. एकाने गटार बुजवले की पावसाळ्यात पाणी वरच्या घराच्या दारात तुंबते; म्हणजे काम किरकोळ असले तरी खासगी राहत नाही. ‘सगळ्यांचेच ओटे पुढे आहेत’ हा तिसरा युक्तिवाद मात्र पंचायतीच्या सदस्यांनी तरी करू नये : सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य याच अधिनियमाच्या कलम 14 खाली अपात्र ठरतो.

ग्रामपंचायतीकडे करायच्या अर्जासोबत घराचा नमुना 8 चा उतारा आणि गटाराची रुंदी-खोली दाखवणारा हाती काढलेला नकाशा जोडावा. चढ शक्यतो आपल्या हद्दीत घ्यावा आणि गटारावर उचलता येणारी फरशी किंवा जाळी टाकावी, म्हणजे गाळ काढता येतो. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे उताराचे रूढ प्रमाण आहे. घरापुढचा रस्ता राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी लागते.