हौशी अल्बममधला रिकामा रकाना

१८५६ साली मुंबईत एक मासिक निघू लागले. त्याच्या प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे असत. ती छापखान्यातून आलेली नसत. काचेखाली कागद दाबून धरायचा, तो उन्हात ठेवायचा, मग धुवायचा, वाळवायचा आणि अंकाच्या पानावर हाताने चिकटवायचा, असा तो खटाटोप होता. जितके वर्गणीदार, तितक्या वेळा प्रत्येक चित्र नव्याने उन्हात न्यावे लागे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या आश्रयाखाली हा उद्योग १८५८ पर्यंत चालवला आणि त्याचे चोवीस अंक काढले. मासिकाचे नाव होते ‘द इंडियन ॲमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’. त्या नावातला ‘ॲमॅचर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. हौशी लोकांनी हौशी लोकांना आपली चित्रे दाखवायची, महिन्याच्या महिन्याला, अशी ती कल्पना होती.

या मासिकाकडे मी वळले ते माझ्या स्वतःच्या हौसेमुळे. कलकत्त्यात आम्ही सात-आठ जण दर शनिवारी जमतो आणि त्या आठवड्यात काढलेल्यांपैकी आपल्याला सर्वांत आवडलेला एक फोटो एकमेकांपुढे ठेवतो. आमच्यात कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते, एकाचे औषधांचे दुकान आहे. फोटो हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला: कुठली लेन्स? मग प्रकाशाविषयी, चौकटीविषयी, कडेला राहिलेल्या विजेच्या तारेविषयी बोलणे होते. काही महिन्यांपूर्वी आमच्यातल्या शिक्षिकेने फूलबाजारातल्या एका म्हाताऱ्या हमालाचा फोटो बघून वेगळेच विचारले: “यांचं नाव काय?” फोटो काढणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आमच्यापैकी कुणालाच आपापल्या फोटोंतली नावे ठाऊक नव्हती. ही सवय कुठून आली, हे शोधताना मी एकोणिसाव्या शतकातल्या त्या हौशी मंडळींपर्यंत जाऊन पोचले.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगासमोर आली, पण ती हौशी माणसाच्या आवाक्यात यायला आणखी बारा वर्षे गेली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची रीत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. काचेवर कलोडियनचा थर पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि चित्र घेतल्याबरोबर अंधारात नेऊन धुवायची. थर वाळला की काच वाया. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटे मिळत. मुंबईच्या वैशाखात त्याहून कमी. घराबाहेर जायचे तर तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी, सगळा संसार बरोबर न्यावा लागे. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडत आणि ते दिवसचे दिवस जात नसत.

हे एकट्याने शिकणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून हौशी लोकांनी मंडळे काढली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये स्थापन झाली. थोड्याच काळात तिथल्या काही सदस्यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीचा एक क्लब काढला. प्रत्येकाने आपल्या चित्राच्या सर्वांना पुरतील इतक्या प्रती द्यायच्या आणि सर्वांच्या चित्रांचा मिळून एक अल्बम बांधायचा. त्या अल्बमांत चित्रासोबत त्याची तांत्रिक माहितीही दिलेली असे: रीत कोणती, भिंग कोणते, प्रकाश किती वेळ पडू दिला. आपली विद्या लपवून न ठेवता वाटायची, हा त्यामागचा उदार विचार होता. आमच्या शनिवारच्या ‘कुठली लेन्स?’ या प्रश्नाचे मूळ मला तिथे दिसते. पण त्या माहितीत जे रकाने पडले, तेच पुढे पाहण्याचेही रकाने झाले. चित्र कसे घेतले, हे सांगायला जागा होती. चित्रात कोण आहे, ते सांगायला वेगळी जागा नव्हती.

लंडननंतर दीड-दोन वर्षांतच, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईची सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. या सोसायटीत लष्करी अधिकारी, सरकारी नोकर आणि डॉक्टर होते, तसे मुंबईचे एतद्देशीय सदस्यही होते. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक आणि वैद्य म्हणून ते मराठी वाचकांना परिचित आहेत. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि छायाचित्रकार म्हणून बहुधा भावापेक्षा जास्त रमलेले. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर त्यांनी काम केले आणि १८५७ मध्ये कलकत्त्याच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली.

त्या काळात साहेब आणि ‘नेटिव्ह’ एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांच्या कामाचे गुणदोष सांगत आहेत, ही गोष्ट साधी नव्हती. क्लब, रेल्वेचे डबे, न्यायासने अशा सगळ्या जागी वर्णाची रेषा आखलेली होती. छायाचित्राच्या टेबलावर ती पुसट झाली, कारण डाग पडलेल्या काचेपुढे दोघेही सारखेच हताश असत. हौसेने माणसे जवळ येतात, या म्हणण्याला इतिहासात आधार आहे तो असा.

ही जवळीक किती टिकाऊ होती, ते कलकत्त्यात कळले. बंगालची फोटोग्राफिक सोसायटी १८५६ मध्ये स्थापन झाली. संस्कृतचे पंडित, एशियाटिक सोसायटीतले संशोधक आणि पुढे १८८५ मध्ये त्या सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झालेले राजेंद्रलाल मित्र हे तिच्या पदाधिकाऱ्यांपैकी होते. १८५७ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये एक सभा भरली. मुफसलातली फौजदारी न्यायालये युरोपीय लोकांनाही लागू करावीत की नाही, असा वाद तेव्हा पेटला होता आणि निळीच्या मळेवाल्यांसह बिनसरकारी गोऱ्यांचा त्या सुधारणेला कडवा विरोध होता. मित्रांनी सभेत त्या गोऱ्यांवर सडकून टीका केली. सभेचा विषय छायाचित्रण नव्हता आणि बोलणारा सोसायटीच्या वतीने बोलत नव्हता. तरी सोसायटीतले युरोपीय सदस्य खवळले आणि त्याच वर्षी मित्रांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या एकाही चित्रात कुणी खोट काढली नव्हती.

याच सोसायटीच्या प्रदर्शनात, याच वर्षी, नारायण दाजींची चित्रे भिंतीवर होती. भिंतीवर एतद्देशीयाचे चित्र चालत होते, खुर्चीत बसलेल्या एतद्देशीयाचे मत चालत नव्हते. ‘इथे राजकारण नको, फक्त फोटोंविषयी बोलू’ हे वाक्य मी अनेक हौशी मंडळांत ऐकले आहे. ते ऐकले की मला राजेंद्रलाल मित्र आठवतात.

आता पुन्हा मुंबईच्या अल्बमकडे येते. त्यात मुंबई परिसरातली दृश्ये आहेत, पण त्याचा मोठा भाग पश्चिम भारतातली माणसे, त्यांचे पोशाख आणि व्यवसाय यांना दिलेला आहे. ही माणसे स्टुडिओत आणून, बसवून, हातात धंद्याची साधने देऊन टिपलेली आहेत. मी या चित्रांच्या प्रतिमा पुष्कळदा पाहिल्या आहेत. जॉन्सनचे प्रकाशावरचे प्रभुत्व खरोखर दाद देण्यासारखे आहे. पागोट्याची एकेक घडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. चेहऱ्यांवर मात्र कंटाळा, संकोच, क्वचित राग दिसतो. खाली जात लिहिलेली असते, नाहीतर धंदा. माणूस म्हणून कोण, याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नाही.

पुढे जॉन्सनने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हे दोन खंडांचे पुस्तक काढले. पहिला खंड १८६३ चा, त्यात गुजरात, कच्छ आणि काठेवाड. दुसरा १८६६ चा, त्यात महाराष्ट्र. या पुस्तकासाठी त्याने आपल्या जुन्या स्टुडिओतल्या आकृती कापून काढल्या आणि निराळ्या ठिकाणी घेतलेल्या पार्श्वभूमीवर बसवल्या. जी माणसे स्टुडिओच्या जमिनीवर उभी राहिली होती, ती आता देवळापुढे किंवा घाटावर उभी दिसू लागली. आपली आकृती कुठे नेऊन ठेवली आहे, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. हौशी मित्रांच्या टेबलावर सुरू झालेला चित्राचा प्रवास दहा वर्षांच्या आत एका वर्गीकरणाच्या ग्रंथापर्यंत पोचला होता.

तोच प्रवास सरकारी पातळीवरही झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांना हिंदुस्थानातल्या लोकांच्या चित्रांचा एक संग्रह आठवण म्हणून मायदेशी न्यायचा होता. दौऱ्यावर जाताना कॅमेरा जवळ बाळगणाऱ्या मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांना त्यांनी तशी चित्रे काढून पाठवायला उत्तेजन दिले. हेतू घरगुती होता. पण १८५७ चे बंड झाले आणि लोकांना ‘ओळखणे’ ही राज्यकर्त्यांची गरज बनली. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. चित्रांसोबतच्या मजकुरात कोणती जमात विश्वासू, कोणती भांडखोर, कोणती चोरटी, असे शेरे आहेत. चित्रे काढणाऱ्यांपैकी अनेक जण हौशीच होते. साहेबाला आवडेल म्हणून पाठवलेले चित्र अखेर कुणाच्या तरी जमातीच्या चारित्र्याचा दाखला ठरेल, हे चित्र काढताना त्यांच्याही मनात आले नसेल.

याच काळात याच देशात दुसरीही एक वाट होती. लखनऊमध्ये अहमद अली खान नावाचे एक हौशी छायाचित्रकार होते. नवाबी लखनऊच्या शेवटच्या दिवसांत ते लोकांची छायाचित्रे काढत आणि त्यासाठी पैसे घेत नसत. रेसिडेन्सीतले इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका, मुले त्यांच्याकडे येऊन बसत आणि त्या प्रती त्या लोकांच्या संग्रही जात. त्यामुळे त्या चित्रांखाली नावे आली. १८५७ मध्ये रेसिडेन्सीला वेढा पडला. अहमद अली खान बंडवाल्यांच्या बाजूला गेले. वेढ्यानंतर त्यांच्याच चित्रांच्या अल्बममध्ये कुणी तरी हाताने नोंदी केल्या: हा मारला गेला, ही वाचली. शत्रुपक्षाला गेलेल्या माणसाच्या हौसेने त्या मृतांचे चेहरे जपून ठेवले.

मुंबईच्या अल्बमशी याची तुलना मला करावीशी वाटते. लखनऊमध्ये नावे राहिली, कारण चित्र चित्रातल्या माणसाच्या हाती गेले. ज्याच्या हाती प्रत जाते तो खाली नाव लिहितो, मुलांना दाखवतो, मेलेल्याची तारीख घालतो. मुंबईत प्रत फक्त वर्गणीदारांच्या हाती गेली. अर्थात लखनऊचे साहेब प्रत मागू शकत होते. स्टुडिओत आणून बसवलेला मुंबईचा मजूर कुणाकडे मागणार? नावाचा रकाना भरला जातो की नाही, हे बहुतेक वेळा छायाचित्रकाराच्या स्वभावापेक्षा समोरच्या माणसाच्या ऐपतीवर ठरले आहे.

पुढे कोरड्या प्लेट आल्या, १८८८ मध्ये कोडॅक आला, गावोगाव कॅमेरा क्लब निघाले. आगरतळ्याच्या राजवाड्यात महाराजा बीरचंद्र माणिक्य यांनी आपला क्लब चालवला आणि महाराणी मनमोहिनी देवींनीही चित्रे काढली. विसाव्या शतकातल्या सलोन-प्रदर्शनांत जातीच्या नावाची जागा भावनेच्या नावाने घेतली: ‘वार्धक्य’, ‘मातृत्व’, ‘श्रम’. शीर्षक काव्यमय झाले, तरी रकाना रिकामाच राहिला.

हे सगळे वाचून आमच्या शनिवारच्या मंडळात मी एक सूचना केली आणि बराच वाद होऊन ती मान्य झाली. ओळखू येणाऱ्या चेहऱ्याचा फोटो असेल, तर त्याची एक प्रत कागदावर काढून त्या माणसाला नेऊन द्यायची आणि मगच तो टेबलावर ठेवायचा. रस्त्यावरच्या क्षणाची उत्स्फूर्तता याने मरते, असा आक्षेप औषधांच्या दुकानवाल्याने घेतला. तो खोटा नाही. त्यामुळे आमचे आठवड्याचे फोटो थोडे कमी झाले आहेत, काही जण पुन्हा निसर्गचित्रांकडे वळले आहेत. आणि प्रत हाती आल्यावर लोक अनपेक्षित गोष्टी बोलतात. कुणी म्हणते, मी इतका म्हातारा दिसतो का? कुणी म्हणते, हा कुणाला दाखवू नका. अशा वेळी तो फोटो, कितीही सुंदर असला, तरी टेबलावर येत नाही.

आमच्या वहीत आता लेन्स आणि वेळ यांच्याआधी एक रकाना आहे. फूलबाजारातल्या त्या हमालाला त्याची प्रत मिळाली. त्याने आपले नाव सांगितले आणि ते वहीत लिहिले गेले. पण ते छापायला मात्र त्याने नको म्हटले, म्हणून इथे देत नाही.