तळटीप ७ : दरबार

७. दरबार : ‘देवाचा दरबार’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मिशनचा पगार सोडून १९१७ साली साताऱ्यात उभारलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही इथे मुक्तद्वार होते. ‘त्या साली’ म्हणजे १९१९. इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पडली, त्यानंतरचा हा पहिला ईस्टर, २० एप्रिलचा. ‘दगड सरला’ हे शब्द ख्रिस्ताच्या कबरीच्या तोंडावरून पहाटे लोटल्या गेलेल्या धोंड्याबद्दलचे आहेत. साथीत माणसे गमावलेल्यांच्या तोंडी ते नुसता वाक्प्रचार म्हणून वाचू नयेत. ९ मे रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.