उंचीचा हिशेब आणि माणसाची चूक

आपल्या पिंपरी-चिंचवडमधून नाशिक रस्त्याला लागून चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव असे वर गेले म्हणजे डाव्या हाताला जुन्नरचा मुलूख लागतो. शिवनेरीमुळे तो प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. परंतु विमानवाहतुकीच्या इतिहासातही जुन्नरची नोंद आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ती नोंद का झाली, याचा विचार यंत्रावर राबणाऱ्या आपण मंडळींनी अवश्य केला पाहिजे.

1962 सालच्या जुलैची 7 तारीख नुकतीच लागली होती. सिडनीहून रोमला निघालेले आलितालिया कंपनीचे डीसी-8 जेट विमान बँकॉक सोडून मुंबईकडे येत होते. मध्यरात्र उलटलेली, पावसाळ्याचे दिवस. विमान मुंबईस पोहोचलेच नाही. जुन्नरजवळच्या डोंगरमाथ्यावर, सुमारे 3,600 फूट उंचीवर ते आदळले आणि आतील 94 माणसांपैकी एकही वाचले नाही.

चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा : मुंबई होती त्याहून जवळ आली, असे वैमानिकास वाटले व तो वेळेआधीच खाली उतरू लागला. आपण नेमके कोठे आहोत हे पडताळण्याची साधने असूनही त्याने ती वापरली नाहीत. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली. आणि या वाटेवरील डोंगरांशी त्याचा परिचय नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. विमानातील उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. खाली समुद्र आहे की डोंगर, हे त्याला कळत नाही. कोकणपट्टीवर जी उंची निर्धास्त, तीच घाटमाथ्यावर प्राणघातक. म्हणून उतरताना ‘किती उंच?’ आणि ‘कोठे?’ हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. जुन्नरला दुसऱ्याचे उत्तर चुकले.

पुढे साडेतीन वर्षांनी तेच घडले. 24 जानेवारी 1966 रोजी जिनिव्हास उतरू पाहणारे एअर इंडियाचे बोइंग माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. डॉ. होमी भाभांसह 117 जण गेले. विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होते. पर्वत ओलांडला, असे वैमानिकास वाटले. जमिनीवरून त्याची चूक सुधारणारा संदेश गेला. पण त्याचा अर्थ वेगळा घेतला गेला. संदेश पोहोचणे निराळे आणि उमगणे निराळे!

तिसरी हकीकत अमेरिकेतील. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान असेच लवकर खाली येऊन डोंगरावर आदळले व 92 माणसे मेली. अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच जागी, तशाच गैरसमजाने खाली आले होते, पण थोडक्यात बचावले. त्याची नोंद त्या कंपनीतच राहिली! या धड्यातून दोन गोष्टी निघाल्या. जमीन जवळ येताच ओरडून सांगणारे यंत्र अमेरिकेत सक्तीचे झाले. आणि 1976 पासून वैमानिकाने आपली चूक स्वतः कळवावी, त्याचे नाव गुप्त राहावे, अशी व्यवस्था सुरू झाली. ती दंड करणाऱ्या खात्याकडे न देता ‘नासा’ या त्रयस्थ संस्थेकडे दिली, हे विशेष. त्यानंतर उंची चुकल्याचे कबुलीजबाब ढिगांनी येऊ लागले.

आपल्या देशात मात्र 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. कझाक विमानाने 15,000 फुटांवर थांबायचे होते. ते त्याहून खाली गेले आणि समोरून 14,000 फुटांवर सौदी विमान आले. 349 बळी पडले. कझाक विमानात नियंत्रणकक्षाशी बोलणारा रेडिओवाला वेगळा होता व त्याच्यापुढे स्वतःचा उंचीमापक नव्हता. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले.

आता आपल्याकडे पाहू. प्रेसखाली बोट गेले की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून कागद बंद होतो. चूक झालीच नाही, असे मी म्हणत नाही. जुन्नरला नियम मोडला गेला, हे खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबलेल्या चौकशीने पुढचा माणूस वाचत नाही. सेन्सर बंद होता का? दोन हातांचे बटण कोणी बांधून ठेवले होते? उत्पादनाची घाई कोणाची होती? गेल्या आठवड्यात त्याच मशीनवर कोणी थोडक्यात वाचला होता का, आणि तो नोटिशीच्या भीतीने गप्प बसला का?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कारखान्यात ‘थोडक्यात वाचलो’ अशी वही असावी, तीत नाव लिहिण्याची सक्ती नसावी आणि ती मालकाच्या व कामगारांच्या प्रतिनिधींनी दर आठवड्यास एकत्र बसून वाचावी. विमानवाल्यांना ही अक्कल शेकडो प्रेते मोजून आली. आपण ती फुकट घ्यावी.