नव्या गाण्याची वाट पाहणारा श्रोता

‘पंक’ हा इंग्रजीतला मूळचा शिवीवजा शब्द. टाकाऊ, उनाड, कुचकामी असा त्याचा अर्थ. १९७५ च्या आगेमागे न्यूयॉर्क आणि लंडन येथील तरुणांच्या एका कर्कश, ओबडधोबड संगीताला तो चिकटला आणि त्या तरुणांनी तो नाकारला नाही, उलट मिरवला. प्रस्थापितांनी फेकलेला शब्द अंगावर मिरवण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. १९७७ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना ‘सेक्स पिस्टल्स’ या पथकाने राणीवरच गाणे काढले, आणि बी.बी.सी.ने ते वाजविण्याचे नाकारले. आपल्याकडे दलित पँथर त्याच्या पाच वर्षे आधी, १९७२ साली, उभी राहिली होती.

त्या पिढीचे गायक आज म्हातारे झाले आहेत. त्यांतली काही पथके वर्षानुवर्षांच्या मौनानंतर नवी ध्वनिमुद्रिका काढतात आणि चाहत्यांत वाद माजतो. पंकचे पूर्वसुरी मानले जाणारे ‘स्टूजेस’ हे पथक १९७३ नंतर थेट २००७ साली नवी गाणी घेऊन आले; पुष्कळांची निराशा झाली. लॉस एंजलिसच्या ‘एक्स’ या पथकातील मूळच्या चौघांनी १९८५ नंतर २०२० साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, एकत्र येऊन नवी ध्वनिमुद्रिका दिली. तिचे मात्र चांगले स्वागत झाले. दोन्ही वेळा तुलना एकच होती : जुना दाह शिल्लक आहे काय? विद्रोही गायकाकडून श्रोत्याने नेमके काय मागावे, हा प्रश्न यातून निघतो. तो आपल्या चळवळीला लावून पाहिला, तर आपल्याच सांस्कृतिक इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग उजेडात येतो. आपण शाहिरांचा इतिहास थोडाफार लिहिला. श्रोत्याचा लिहिलाच नाही.

सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ सालची. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने १९११ साली समाजाची शाखा निघाली आणि सत्यशोधकी जलसा या भागात चांगला रुजला. जलशाने तमाशाचाच सांगाडा घेतला. गण, गवळण, बतावणी, वग ही चौकट श्रोत्याच्या ओळखीची होती, आत भरलेला माल नवा होता. आंबेडकरी जलसा १९३० च्या सुमारास उभा राहिला तो याच वाटेने, पण दोन पावले पुढे जाऊन. गणातला गणपती गेला. गवळणीतली राधा-कृष्णाची छेडछाड गेली. त्या जागी महाडचे तळे आले, काळाराम मंदिर आले, मेलेली गुरे ओढू नका, पोरे शाळेत घाला, हा उपदेश आला. सबंध वस्ती रात्र रात्र जागून हे ऐकत असे. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी या जलशांचा वृत्तान्त पुढे स्वतःच पुस्तकरूपाने लिहून ठेवला, म्हणून आज आपल्या हाती काही आहे. बाबासाहेब जलशाला आपल्या सभांहूनही अधिक मोल देत, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. पण त्या मोलाचा अर्धा वाटेकरी समोर घोंगडीवर बसलेला माणूस होता, हे आपण विसरतो. करमणुकीच्या सवयीने तो आला होता. आपल्या आवडीचे काढून घेतलेले त्याने सोसले, इतकेच नव्हे, तर नव्याची मागणी सुरू केली.

या श्रोत्याची खरी कसोटी १९५६ साली लागली. १४ ऑक्टोबरला धर्मांतर झाले, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. अवघ्या दोन महिन्यांच्या आत जुनी गाणी अपुरी ठरली. देवांची नावे, जातीची नावे, जोहार-मायबापची भाषा आता ओठावर येईना. वग मागे पडला. हार्मोनियम, ढोलकी आणि कव्वालीच्या धर्तीचा सवाल-जवाब घेऊन गायन पार्ट्या पुढे आल्या. श्रोता बुद्ध मागत होता, बावीस प्रतिज्ञा मागत होता, आणि गेलेल्या बापाचा शोकही मागत होता. जुनेच पुन्हा ऐकवा असे म्हणणे त्याला परवडणारे नव्हते, कारण जुन्या गाण्यातला तो स्वतःच आता उरला नव्हता. विदेशी चाहत्यात आणि आपल्या श्रोत्यात फरक आहे तो इथे. चाहता स्वतःचे तारुण्य परत मागतो. आपला श्रोता स्वतःचे नवे नाव मागत होता.

ही मागणी ज्याने आयुष्यभर पुरविली तो माणूस म्हणजे वामनदादा कर्डक (१९२२-२००४). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा कवी १९४३ पासून गाणी रचू लागला. त्यांचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ प्रसिद्ध झाला १९७३ साली. मध्ये तीस वर्षे गेली! या तीस वर्षांत त्यांची गाणी कागदावाचून महाराष्ट्रभर फिरत होती. श्रोतेच ती वहीत उतरवून घेत, दुसऱ्या गावी गात. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा असे, तेवढाच काय तो मालकीचा पुरावा. आणि तीही गाळून किंवा बदलून गाणारे काही कमी नव्हते. १९७७ च्या संग्रहाचे नाव ‘हे गीत वामनचे’ असावे, यात मला त्या नाममुद्रेचाच उच्चार ऐकू येतो. शिष्ट समीक्षकांनी सिनेमाच्या चाली म्हणून नाके मुरडली. त्यांना हे कळले नाही की चाल ओळखीची असली म्हणजे शब्द एका रात्रीत पाठ होतात, आणि ज्याच्याजवळ ना छापखाना ना रेडिओ, त्याला एका रात्रीचीच मुदत असते. मात्र श्रोत्याचे कौतुक करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच श्रोता पाच-दहा रुपये बक्षीस देऊन आपले नाव पुकारून घेई आणि पहाटे शाहीर पुढच्या गावची एस.टी. कशी गाठणार, याची चौकशी करीत नसे.

१९८० नंतर कॅसेट आली आणि श्रोत्याचे रूप पालटले. करवीर तालुक्यातले उचगाव घ्या. कोल्हापूर शहराला पूर्वेकडून चिकटलेले, महामार्गावरचे, शेजारी गांधीनगरची मोठी बाजारपेठ. इथून पूर्वेलाच हातकणंगले तालुक्यातले माणगाव आहे, जिथे मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. अशा गावांना नव्या गाण्यासाठी शाहिराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. चौदा एप्रिलच्या तोंडावर नवी कॅसेट बाजारात येई. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचे आवाज घराघरांत पोचले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कॅसेटला उलट प्रश्न विचारता येत नाही. बक्षीस देता येत नाही, थांबवता येत नाही, ‘हे कडवे पटले नाही’ असे तोंडावर सांगता येत नाही. आता तर मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून जुन्याच गाण्याचे धृपद तेवढे घुमते, आणि नाममुद्रेच्या कडव्यापर्यंत गाणे पोचतच नाही. आपला श्रोता चाहता झाला तो असा.

कुणी म्हणेल, जुन्या शाहिरावर नाराज होण्याचा हक्क श्रोत्याला नाही काय? आहे, जरूर आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) पेटलेला वाचक १९७६ साली इंदिरा गांधींवरील त्यांची दीर्घ कविता पाहून बिथरला, तेव्हा त्याचा आक्षेप आणीबाणीच्या समर्थनाला होता. तो राजकीय प्रश्न होता आणि रास्त होता. ‘पुन्हा गोलपिठाच लिहा’ ही मागणी मात्र वेगळी. कवीला त्याच्याच पहिल्या पुस्तकात कोंडणे ही टीका नव्हे.

आणि मौन नेहमी कलावंताच्या मर्जीचे नसते, हेही पाश्चात्त्य तुलनेत निसटते. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्यांच्या पुढच्या गाण्याची वाट पाहणे तिथेच संपले. पुण्याच्या कबीर कला मंचावर २०११ साली खटले भरले गेले, कलावंत भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले आणि हा सत्याग्रह आहे असे त्यांनी जाहीर केले. साठे तेव्हा गरोदर होत्या. त्यांना त्याच वर्षी जून महिन्यात जामीन मिळाला. माळींना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. पुढे या दोघांनी ‘नवयान महाजलसा’ उभारला. ज्या जलशात एकेकाळी बायकांची पात्रेही पुरुषच करीत, त्याच जलशाचे नाव घेऊन आता एक बाई पुढे उभी राहून मुख्य आवाज लावते. समोर बसलेल्यांत तिच्या जुन्या गाण्यांच्या फर्माइशीची चिठ्ठी पाठवणारे असतात, तसे नवे कडवे वहीत उतरवून घेणारेही असतात.